बघण्यासारखा नाही

घराला गिऱ्हाईक लागलं आणि त्याच आठवड्यात त्या घराचं पोस्टर चौकात लागलं. चष्मेवाल्यांनी सकाळी दुकानाचं शटर वर केलं, सवयीनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, तर समोरच्या थिएटरच्या भिंतीवर त्यांचं स्वतःचं घर! तोच जिना, तोच माळा, तीच तडा गेलेली खिडकी. खिडकीत केस मोकळे सोडलेली एक बाई, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. वर रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत नाव, ‘माळ्यावरची मावशी’. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. घर त्यांचंच होतं. बाईसुद्धा त्यांचीच होती.

हे सगळं बायकोच्या बहिणीच्या मुलाचं कर्तृत्व. हा भाचा लहानपणी सुट्टीला आला की घरातला रेडिओ उघडून बसायचा आणि परत बंद करताना हमखास दोन स्क्रू उरायचे. मोठेपणी तो सिनेमाकडे वळला, एवढाच काय तो फरक. दोन वर्षांपूर्वी तो असाच दारात येऊन उभा राहिला. “काका, आठ दिवस घर द्या. भुताचा सिनेमा करतोय. बजेट जरा कमी आहे.”

जरा कमी म्हणजे नव्हतंच. भुताचं काम करायला आलेली नटी पहिल्या दिवशीचा जेवणाचा डबा उघडून बघून परत गेली. मग भाच्यानं मावशीलाच गळ घातली. “मावशी, बोलायचं काही नाही गं. फक्त जिना उतरायचा.” धूर हवा म्हणून अंगणात पाला जाळला. शेजारी भांडायला आले, तर त्या भांडणाचंही शूटिंग करून घेतलं. आठ दिवसांचे वीस झाले आणि शेवटी कॅमेरा, वायरी आणि घरातला एकुलता एक टेबललॅम्प घेऊन मंडळी निघून गेली. पुढे सिनेमाचं नाव नाही की गाव नाही. तो डब्यात गेला असं सगळ्यांनी धरलं, आणि खरं सांगायचं तर घरात कुणाला त्याचं फारसं दुःखही झालं नाही.

घर विकायचं कारण मात्र निराळं होतं. बायकोचे गुडघे. स्वयंपाकघर खाली, न्हाणीघर वर आणि मधे हा जिना. उभा, अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बाई दिवसातून दहा वेळा भिंत धरून, खेकड्यासारखी आडवी होऊन उतरायची आणि खाली पोचली की खुर्चीत बसून जिन्याला शिव्या घालायची. पोस्टाच्या मागे तळमजल्यावरची एक छान जागा त्यांनी बघून ठेवली होती. पण त्या जागेचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. हे घर गेलं तर ती जागा मिळणार, नाहीतर जिना होताच.

गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कडक बाई. एजंटानं त्यांना घर फिरवून दाखवलं. मागच्या खोलीतल्या भिंतीला ओल होती. तिच्यापुढे चष्मेवाल्यांनी आदल्या दिवशीच कपाट सरकवून ठेवलं होतं. बाईंनी सगळीकडे मान हलवली, दोनदा चौकटीला खांदा आपटला आणि म्हणाल्या, “हवेशीर वाटतंय.”

इथं खरं तर चष्मेवाल्यांनी गप्प बसायचं. पण जित्याची खोड! ते चटकन म्हणाले, “बाई, तुमचा नंबर वाढलेला दिसतोय. दुकानावर या, तपासून देतो.” एजंटानं त्यांच्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता. घर घ्यायला आलेल्या माणसाला नीट दिसत नाही, ही विकणाऱ्याची केवढी सोय! पण ती सोय चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हातांनी मोडली. बाई दुसऱ्याच दिवशी दुकानात आल्या, तक्त्यावरची शेवटून तिसरी ओळ वाचता वाचता अडकल्या आणि नव्या चष्म्याची ऑर्डर देऊन, जुना काडी बदलायला ठेवून गेल्या.

आणि आता हे पोस्टर.

एजंट धापा टाकत दुकानात शिरला. “बघितलंत?”

“बघतोय.”

“अहो, भुताचं घर कोण घेणार? बाई शुक्रवारी होकार द्यायला येणार आहेत. तोवर त्यांनी हा सिनेमा बघता कामा नये.”

“त्या कशाला बघतायत? शिस्तीच्या बाई.”

“त्यांनी नाही बघितला तरी दुसरा कुणीतरी बघून त्यांना सांगेलच की! कुणीच बघायला नको. थिएटर रिकामं पडलं की दोन दिवसांत खाली उतरवतात. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटा, एकदम टाकाऊ आहे म्हणून.”

चष्मेवाल्यांनी आयुष्यात कुणाची निंदा केली नव्हती. सद्गुण वगैरे काही नाही, त्यांना बोलायचाच कंटाळा. पण प्रश्न बायकोच्या गुडघ्यांचा होता. त्यांनी त्याच दिवसापासून सुरुवात केली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, डोळ्यांवर जड फ्रेम चढली, पळून जायची सोय उरली नाही, की ते म्हणत, “हे अक्षर स्पष्ट की ते? आणि समोरचा सिनेमा बघू नका. बघण्यासारखा नाही.”

“का हो?” औषधाच्या दुकानवाल्यानं विचारलं.

“कथा नाही. नुसता अंधार. डोळ्यांवर ताण येतो.”

“तुम्ही बघितलात वाटतं?”

“बघायची गरज नाही. भाच्याचाच आहे.”

औषधवाला फ्रेमच्या आतून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. नंतर तो शेजारच्या शिंप्याच्या दुकानात गेला. “ऐकलंस का? आपला चष्मेवाला. वर्षभर ज्याच्या तोंडातून नंबरापलीकडे शब्द निघत नाही, तो सख्ख्या भाच्याचा सिनेमा बघू नका म्हणून विनवतोय. घर त्याचं, बायको त्याची. म्हणजे नक्की त्या घरातलं काहीतरी बाहेर आलंय.”

“काय असेल?”

“ते बघितल्याशिवाय कसं कळणार?”

त्या दिवशी दुपारच्या खेळाला औषधवाला, शिंपी आणि त्यांची कुटुंबं असे सगळे होते. त्यातल्या कुणाला सिनेमा आवडला नाही. पण जे शोधायला गेलो ते सापडलं नाही, म्हणजे ते अंधारात कुठंतरी असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. सबब पुन्हा बघायला हवा. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी जास्त जोर लावला, तर थिएटरबाहेर रांग लागली. ज्याला नवा चष्मा मिळाला तो पहिल्यांदा समोर जाऊन बसला. अंधारातलं दिसतं का ते बघायला म्हणे!

तिसऱ्या दिवशी भाचा स्वतः अवतरला. गळ्यात मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं चष्मेवाल्यांना घट्ट मिठीच मारली. “काका! एवढी पब्लिसिटी मला जन्मात परवडली नसती!” मागे थिएटरच्या दारावर एक माणूस शिडी लावून नवीन पाटी ठोकत होता. चष्मेवाल्यांनी वाचली. ‘डायरेक्टरचे सख्खे काका कळवळून सांगतात: बघू नका! आग्रहास्तव आणखी एक आठवडा.’

“मी सख्खा नाही,” चष्मेवाले एवढंच म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको बाजारात गेली तर पोरं ‘मावशी आली, मावशी आली’ करून पळायला लागली. भाजीवालीनं तिला रांग मोडून पुढे घेतलं आणि नजरेला नजर न देता पिशवी भरून दिली. बायको खुशीत घरी आली. “अहो, भूत व्हायला माझी हरकत नाही. वेळ वाचतो.”

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. शाळेतल्या पालकांनी विचारलं होतं, हा सिनेमा मुलांना दाखवण्यासारखा आहे का. तर बाई गुरुवारी दुपारी स्वतः बघून मग सांगणार होत्या. त्यासाठी चष्मा तयार आहे का?

चष्मा तयार होता. पुसून, डबीत घालून, खणात ठेवलेला. चष्मेवाल्यांनी खण लोटला आणि निरोप धाडला, “काच अजून आली नाही.” जुन्याचं काय, असं विचारणं आलं, तर “काडी बसत नाहीये.” हे दोन्ही खोटं बोलताना त्यांचा आवाज असा काही झाला की निरोप नेणाऱ्या शिपायानंच त्यांना घसा दुखतोय का म्हणून विचारलं.

बुधवारी दुपारी चष्मेवाले दुकानात बसले होते आणि रस्त्यापलीकडून मुख्याध्यापिकाबाई येताना दिसल्या. हात किंचित पुढे धरलेले. कापडवाल्याच्या दारात फ्रॉक घातलेली बाहुली उभी होती. बाई तिच्यासमोर थांबल्या. “शाळा सोडून इथं काय करतेस?” बाहुली गप्प. “मोठी माणसं विचारतात तेव्हा उत्तर द्यावं,” बाई म्हणाल्या, थोडं थांबल्या आणि पुढे निघाल्या ते थेट एका सायकलवर. सायकल पडली, बाई पडता पडता राहिल्या.

चष्मेवाल्यांनी खण उघडला, डबी पाहिली आणि खण पुन्हा लोटला. संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. बायको खुर्चीत गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली.

“म्हणजे माझे गुडघे वाचवायला तुम्ही त्या बाईचे फोडणार?”

“अगं, शुक्रवारपर्यंतचाच प्रश्न आहे.”

“घर नाही विकलं तरी चालेल. उतरीन मी भिंत धरून. पण उद्या सकाळी तिच्या नाकावर चष्मा गेला नाही, तर मी खरंच माळ्यावर जाऊन बसेन आणि मग बघा.”

गुरुवारी सकाळी चष्मेवाले स्वतः शाळेत गेले. चष्मा बाईंच्या कानांवर नीट बसवला, काडी जराशी वाकवून दिली. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर कुणीतरी माझं चित्र काढलंय,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला ती वेल वाटत होती. चष्मा उत्तम झालाय.” चष्मेवाल्यांना बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी बाई आल्या. बरोबर एजंट, चेहरा उतरलेला. चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे केली. बायको चहा घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. बाईंनी नव्या चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हीच ना त्या?”

“हो,” बायको म्हणाली. “मीच भूत.”

“छान करता.” बाई चष्मेवाल्यांकडे वळल्या. “मी सिनेमा पूर्ण बघितला. मुलांना पाठवायला काही हरकत नाही, भीती वाटण्यासारखं त्यात काहीही नाही. घर घेणाऱ्यानं मात्र अवश्य बघावा.”

एजंटानं घाईनं तोंड उघडलं. “बाई, ते भूतबीत सगळं खोटं असतं. सिनेमावाले काय, काहीही दाखवतात.”

“भूत खोटंच आहे. मी भुताबद्दल बोलतच नाहीये. मागच्या खोलीत ज्या भिंतीतून हात बाहेर येतो, त्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल आहे. परवा तिथं कपाट होतं.”

“ती... ती त्यांनी रंगवलेली ओल,” चष्मेवाल्यांनी एक प्रयत्न करून बघितला.

“ज्या सिनेमात भुताच्या पायात तुमच्या दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या बांधल्यात, त्यांच्याकडे ओल रंगवायला पैसे कुठून येणार? ती ओल तुमचीच. वरच्या न्हाणीघराचा नळ गळतो. तो आवाज त्यांनी भीतीसाठी वापरलाय, पण गळतो तो नळच. एक गोष्ट चांगली आहे. पुढचं दार सबंध सिनेमाभर आपटतं आणि बिजागरी जागची हलत नाही. लाकूड चांगलं दिसतंय.”

एजंट मुकाट्यानं चहा प्यायला लागला. आठवडाभर चष्मेवाले भुताला घाबरत होते आणि घर विकताना आडवी आली ती ओल.

“आता शेवटचं,” बाई म्हणाल्या. “मध्यंतराच्या आधी जिन्याला लाकडी कठडा आहे. मध्यंतरानंतर नाही. कठड्याचं काय झालं?”

चष्मेवाल्यांनी जिन्याकडे पाहिलं. बायकोनं जिन्याकडे पाहिलं. जिन्याच्या उघड्या बाजूला, पायऱ्यांत, धुळीनं बुजलेली भोकं स्पष्ट दिसत होती. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा.

“कठडा,” बायको हळूच म्हणाली.

“कॅमेरा जिन्यात मावेना,” चष्मेवाले आठवून आठवून बोलू लागले. “म्हणून भाच्यानं काढून माळ्यावर टाकला. म्हणाला, शूटिंग संपलं की लावून देतो.”

“मग?”

“मग तो गेला.”

“आणि मी म्हणाले होते,” बायकोचा आवाज चढला, “हजारदा म्हणाले होते, कठड्याचं बघा, कठड्याचं बघा! तर तुम्ही म्हणायचात, भाचा येईल तेव्हा लावील. पुढे माझंच म्हणायचं राहिलं. तरी म्हटलं, माझे गुडघे असे एकाएकी कसे गेले! तो शेवटी मी किंचाळते ना, सगळं थिएटर दचकतं म्हणे, ते काय मी मुद्दाम किंचाळले होते? कठडा धरायला गेले आणि कठडा नव्हता!”

“ती किंकाळी मलाही खरी वाटली होती,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सिनेमा बघितलात का हो?” हा प्रश्न चष्मेवाल्यांना होता.

“नाही.”

“आणि गावभर सांगत सुटलात, बघण्यासारखा नाही म्हणून. बघितला असतात तर दिसलं असतं.”

चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर त्यांनी लोकांना दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि स्वतःची बायको रोज कशी उतरते हे त्यांनी धड पाहिलं नव्हतं. ते सकाळी तिच्या आधी उतरून दुकानात जात आणि ती वर गेल्यावर मागून चढत. ते उठले, माळ्यावर गेले आणि वर बरीच खडखड झाली. खाली आले तेव्हा केसांना जळमटं, अंगभर धूळ आणि खांद्यावर चादरीत गुंडाळलेला कठडा. चादरीच्या गाठीत भाच्यानं स्क्रू बांधून ठेवले होते. पोराचा एक गुण तेवढा मान्य करायला हवा, स्क्रू त्यानं कधी हरवले नाहीत, फक्त परत लावले नाहीत.

“स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?” बाईंनी चष्मा वर सरकवला. “एजंटसाहेब, कप ठेवा आणि ते टोक धरा. सरळ धरा. सरळ म्हटलं मी!”

थोड्याच वेळात कठडा बसला. बायको पुढे झाली. एका हातानं कठडा धरून ती वर गेली आणि खाली आली. आडवी नाही, सरळ, पाहुण्यासारखी. मधल्या पायरीवर थांबून तिनं कठडा हलवून बघितला, मग पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. तिसऱ्यांदा खाली आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर राग होता. त्यातला नवऱ्याच्या वाट्याचा किती आणि भाच्याच्या वाट्याचा किती, हे ठरवायला तिला वेळ लागत होता.

“गुडघे?” चष्मेवाल्यांनी भीत भीत विचारलं.

“आहेत,” बायको म्हणाली. “दुखतात. वय झालंय, दुखणारच. पण घर विकण्याइतके नाही दुखत.” मग ती बाईंकडे वळली आणि तिनं हात जोडले. “बाई, रागावू नका. मला हे घर सोडवत नाही.”

एजंट कठड्यालाच टेकून खाली बसला.

मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स बंद केली. “चूक माझीच. कठड्याचं मीच काढलं.” त्या दारापर्यंत गेल्या, दार एकदा उघडून मिटून बघितलं, बिजागरीला मान डोलावली आणि परत वळल्या. “म्हणजे तुम्ही घेणार होतात ती पोस्टामागची जागा आता मोकळी झाली.”

एजंट ताडकन उभा राहिला. “झाली की! तळमजला, बाई. ऐसपैस. ओल नावाला नाही. आत्ता चला, आत्ता दाखवतो!”

“तुम्ही दाखवू नका. तुमच्याकडे कपाटं असतात.” बाईंनी नव्या चष्म्यातून चष्मेवाल्यांकडे पाहिलं. “तुमचा भाचा सध्या मोकळा आहे का?”

“का बरं?”

“त्याला म्हणावं, दुसरा सिनेमा त्या जागेत काढ. बजेट मात्र वाढवायचं नाही. तो लागला की मी बघते आणि मग सांगते.”